‘राइट’ आणि ‘प्रिव्हिलेज’ : खानदेशातील वनहक्कांच्या इतिहासातील दोन शब्दांचा अर्थभेद

प्रस्तावना :

‘राइट’ आणि ‘प्रिव्हिलेज’ हे दोन इंग्रजी शब्द सर्वसामान्य व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असणे, एवढाच अर्थ वरवर पाहता दोन्हींतून निघतो. कायद्याच्या भाषेत मात्र या दोन शब्दांतील अंतर फार मोठे आहे. भारतातील वनकायद्याचा इतिहास हा एका दृष्टीने याच अंतराचा इतिहास आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील आणि साक्रीच्या पश्चिम भागातील भिल्ल, पावरा व तडवी समाजांच्या जीवनावर या अंतराचा प्रत्यक्ष परिणाम झालेला आहे. मोहाची फुले वेचणे, गुरे चारणे, सरपण आणणे, डोंगरउतारावर नागली किंवा ज्वारी पेरणे या गोष्टी त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केल्या. या गोष्टींना कोणते नाव द्यावयाचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात निर्माण झाला आणि आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही.

खानदेशाला शब्दचिकित्सेची परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याचा अखेरचा काळ धुळे येथे घालविला, तेथेच १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शब्दांच्या व्युत्पत्तीतून समाजाचा इतिहास वाचता येतो, ही त्यांची धारणा होती. प्रस्तुत निबंधात त्याच दिशेने, परंतु मर्यादित स्वरूपात, दोन शब्दांचा वेध घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘राइट’ व ‘प्रिव्हिलेज’ या शब्दांचा मूळ व कायदेशीर अर्थ स्पष्ट करणे.
२) खानदेशातील वनव्यवस्थेत या अर्थभेदाचा वापर कसा झाला, हे पाहणे.
३) २००६ च्या वनहक्क कायद्याने या अर्थभेदात कोणता बदल केला आणि मराठी प्रशासकीय भाषेत तो कितपत उतरला, याची चिकित्सा करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वनविषयक कायदे, शासकीय धोरणे आणि प्रकाशित इतिहासग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

शब्दांचे मूळ :

इंग्रजीतील ‘राइट’ या शब्दाचा मूळ अर्थ सरळ, योग्य असा आहे. लॅटिनमधील ‘रेक्टस’ व संस्कृतमधील ‘ऋजु’ हे शब्द त्याच कुळातील मानले जातात. जे सरळ आहे, न्याय्य आहे, ते ‘राइट’ होय. ‘प्रिव्हिलेज’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्रिव्हस’ म्हणजे एकटा, स्वतंत्र आणि ‘लेक्स’ म्हणजे कायदा. एखाद्या विशिष्ट व्यक्तीपुरता केलेला नियम, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजेच ‘राइट’ सर्वांना लागू असणाऱ्या न्यायातून निघतो, तर ‘प्रिव्हिलेज’ कोणीतरी कोणालातरी वेगळे काढून दिलेले असते.

अमेरिकन विधिज्ञ वेस्ली होफेल्ड यांनी १९१३ मध्ये या दोन संकल्पनांची काटेकोर फोड केली. त्यांच्या विवेचनानुसार एकाचा हक्क असेल तर दुसऱ्यावर त्याविषयीचे कर्तव्य असते. ‘प्रिव्हिलेज’च्या बाबतीत समोरच्यावर असे कोणतेही कर्तव्य नसते. ती गोष्ट करण्यास फक्त मनाई नसते. एखाद्याच्या शेतातून जाण्याचा हक्क असेल तर शेतमालकास वाट अडविता येत नाही. परंतु तो केवळ जाऊ देत असेल, तर उद्या कुंपण घालण्यास तो मोकळा असतो.

मराठीत ‘राइट’साठी हक्क व अधिकार आणि ‘प्रिव्हिलेज’साठी सवलत, सूट व विशेषाधिकार हे शब्द वापरले जातात. हक्क हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. सत्य, न्याय्य, ज्याचे त्याला देणे असलेले, असे त्याचे मूळ अर्थ आहेत. सवलत हा शब्दही अरबी कुळातीलच असून त्याचा मूळ अर्थ सुलभता असा आहे. एका शब्दाच्या मुळाशी सत्य आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी सोय आहे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

मराठेशाहीतील ‘हक्क’ :

इंग्रजी राजवटीपूर्वी हक्क ही कल्पना येथे नव्हती, असे म्हणता येणार नाही. मराठेशाहीतील कागदपत्रांत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे व बलुतेदार यांचे हक्क, लवाजमे आणि मानपान यांचे तपशील सर्वत्र आढळतात. वतनाविषयी तंटा निर्माण झाल्यास गोतसभा भरे. वडीलधाऱ्यांच्या साक्षी होत, वहिवाट पाहिली जाई आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. कागद महत्त्वाचा होता, परंतु कागद नसेल तर हक्कच नाही असे मानले जात नव्हते. जाणत्यांची आठवण हाही पुरावा होता.

ही व्यवस्था समतेची होती, असे मात्र समजण्याचे कारण नाही. हक्कांची उतरंड जातीच्या उतरंडीला धरून होती. डोंगरातील भिल्ल समाज तिच्या कडेला होता. तरीही सातपुडा व सातमाळ्यातील भिल्ल नाईक मैदानी गावांकडून गिरास वसूल करीत, तसेच घाटांच्या रखवालीबद्दल त्यांना ठरलेला मोबदला मिळे. नाईकांच्या दृष्टीने हा त्यांचा हक्क होता. १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे या प्रदेशाची व्यवस्था सोपविण्यात आली. नव्या सत्तेने गिरासाची प्रत्यक्ष वसुली थांबवून अनेक नाईकांना सरकारी खजिन्यातून रोख नेमणुका देण्याचे धोरण ठेवले. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स आउट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. शेतीसाठी भिल्लांना तगाई देण्यात आली.

या धोरणाकडे उदार धोरण म्हणून पाहिले जाते आणि शस्त्रबळाच्या तुलनेत ते तसे होतेही. परंतु त्यात एक सूक्ष्म बदल दडलेला होता. नाईक पूर्वी जे स्वतः घेत होता, ते आता त्याला दिले जाऊ लागले. रक्कम तीच राहिली तरी नाते बदलले. घेणाऱ्याचा हक्क देणाऱ्याच्या मर्जीत रूपांतरित झाला. वनाच्या बाबतीत पुढे जे घडले, त्याची ही पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

याच काळातील डांगचे उदाहरण बोलके आहे. साक्री-नवापूरच्या पश्चिमेस असलेल्या डांगच्या जंगलातील सागवान मुंबई सरकारला हवे होते. तेथील भिल्ल राजे इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हते. त्यामुळे १८४२ मध्ये सरकारने त्यांच्याशी करार करून जंगल भाडेपट्ट्याने घेतले आणि त्याबद्दल वार्षिक रक्कम देण्याचे मान्य केले. सरकारला स्वतःला लाकूड हवे होते तेव्हा भिल्ल राजाचा हक्क लेखी स्वरूपात मान्य झाला. शेजारच्या खानदेशात सरकार स्वतःच सत्ताधीश होते. तेथे भिल्लाला लाकूड हवे असेल तर तो हक्क नव्हे, अशी भूमिका पुढील काळात घेतली गेली.

१८७८ चा वनकायदा आणि अर्थभेदाचे हत्यार :

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून भुसावळकडे गेला. रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि इंधनासाठी देशभर लाकडाची मागणी वाढली. जंगले झपाट्याने तुटत असल्याची चिंताही खरी होती. १८६५ चा पहिला वनकायदा अपुरा वाटू लागल्याने नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली. या चर्चेत दोन भूमिका समोर आल्या. वनखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल डिट्रिच ब्रँडिस यांचे मत असे होते की, गावकऱ्यांचा रूढ वापर मान्य करावा, त्यांच्यासाठी ग्रामवने राखावीत आणि उरलेल्या महत्त्वाच्या क्षेत्रावर सरकारने नियंत्रण ठेवावे. बी. एच. बेडन-पॉवेल यांनी मात्र ‘राइट’ आणि ‘प्रिव्हिलेज’ यांत कडक रेषा ओढली. ज्याला सरकारी मान्यता वा नोंद यांचा स्पष्ट आधार आहे तोच हक्क. बाकीचा सर्व वापर राज्यकर्त्यांनी सहन केला म्हणून चालत आलेला असून ती केवळ सवलत होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. मद्रास सरकारने या विचारास आक्षेप घेतला होता. तथापि १८७८ चा कायदा बेडन-पॉवेल यांच्या भूमिकेच्या अधिक जवळ गेला.

या कायद्याने वनांची राखीव, संरक्षित व ग्रामवन अशी विभागणी केली. राखीव वन जाहीर करण्यापूर्वी वन जमाबंदी अधिकाऱ्याने जाहीरनामा काढावयाचा आणि लोकांनी ठराविक मुदतीत आपले दावे मांडावयाचे, अशी पद्धत ठरली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही हीच चौकट कायम राहिली. त्यानुसार दावे मांडण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत असते. ज्या हक्काविषयी दावा आला नाही आणि चौकशीतही ज्याची माहिती मिळाली नाही, तो हक्क नष्ट झाला असे मानले जाते. विलंबाचे सबळ कारण पटविता आले तरच त्याला अपवाद आहे.

ही पद्धत कागदावर न्याय्य दिसते. परंतु सातपुड्यातील पाड्यावर राहणाऱ्या, लिहिण्यावाचण्याची संधी न मिळालेल्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होता, याचा विचार करणे आवश्यक आहे. त्याच्यापाशी सनद नव्हती. त्याचा वापर मोसमाप्रमाणे व जागेप्रमाणे बदलणारा होता. तो कोणत्याही दप्तरात नोंदलेला नव्हता. महजराच्या काळात ज्या साक्षीला किंमत होती, त्या साक्षीपेक्षा आता दप्तरातील नोंद वरचढ ठरली. ज्याने काहीच लिहून ठेवले नाही, त्याचा हक्क सवलत ठरला. म्हणजेच अर्थभेदाची खरी धार पुराव्याच्या नियमात होती.

फिरत्या शेतीविषयी तर कायद्याने पुराव्याचा प्रश्नच ठेवला नाही. १९२७ च्या अधिनियमातील कलम १० नुसार फिरती शेती ही सर्व परिस्थितीत ‘प्रिव्हिलेज’ समजली जाते आणि तिचे नियंत्रण करणे, तिच्यावर निर्बंध घालणे किंवा ती बंद करणे शासनाच्या हाती राहते. हाच शब्द येथे कायद्याच्या मजकुरात स्पष्टपणे आलेला आहे. इतर वापराबाबत दावा तरी करता येत होता. येथे मात्र व्याख्येनेच हक्काचे दार बंद केले गेले.

जे हक्क रीतसर नोंदले गेले, तेही पूर्णपणे सुरक्षित नव्हते. वनाचे रक्षण व हक्काचा वापर एकत्र शक्य नाहीत असे आढळल्यास रोख रक्कम वा अन्य मोबदला देऊन हक्क संपुष्टात आणण्याची तरतूद होती. राखीव वनात हेतुतः किंवा घोर निष्काळजीपणामुळे आग लागल्यास त्या क्षेत्रातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क शासनास योग्य वाटेल तितक्या काळासाठी स्थगित करता येतात. आग एकाने लावली तरी हक्क सर्वांचे थांबतात. शब्द हक्काचा राहिला, पण वागणूक सवलतीची झाली.

या कायद्याविरुद्ध महाराष्ट्रात आवाज उठला नाही असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्यामुळे शेतकऱ्यांच्या गुराढोरांची चराई बंद झाल्याबद्दल कठोर टीका केली. ठाणे जिल्ह्यातील असंतोषानंतर मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. काही सवलती वाढल्या. परंतु येथेही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तक्रारीचे उत्तर सवलत वाढविण्यात शोधले गेले, हक्क मान्य करण्यात नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळ : ‘अतिक्रमण’ आणि ‘नियमानुकूल’ :

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे महाराष्ट्र राज्यात त्यांचे जळगाव व धुळे जिल्हे बनले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जिल्ह्यांची नावे बदलली तरी १९२७ चा वन अधिनियम तसाच राहिला. वनजमीन एकसाली पट्ट्याने कसण्यास देण्याची पद्धत महाराष्ट्रात होती. एकसाली हा शब्दच सवलतीचे स्वरूप सांगतो. वर्ष संपले की कसणाऱ्याचा आधार संपतो. पुढील वर्षी तो पुन्हा अर्जदार असतो.

१९७० च्या दशकात जमिनीचा प्रश्न खानदेशाच्या पश्चिम भागात तीव्र झाला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात अंबरसिंग महाराज यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी जागृत झाले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. राज्य शासनाने १९७८-७९ मध्ये ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि वनजमीन अन्य कारणासाठी वापरण्यास केंद्र शासनाची पूर्वमान्यता आवश्यक झाली. नियमानुकूल करण्याची प्रक्रिया रेंगाळली. सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ मध्ये दाव्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला.

या काळातील दोन शब्द चिकित्सेस पात्र आहेत. ‘अतिक्रमण’ म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे. ज्याचा हक्क पूर्वी नोंदला गेला नाही, तो आपल्याच वाडवडिलांच्या जमिनीवर अतिक्रमक ठरला. ‘नियमानुकूल’ म्हणजे चूक पोटात घालून नियमात बसविणे. या शब्दात गुन्हा गृहीत आहे आणि क्षमाही गृहीत आहे, फक्त हक्क गृहीत नाही. विशेष म्हणजे अतिक्रमणाबद्दल झालेल्या दंडाच्या पावत्या पुढे कसणाऱ्याच्या वहिवाटीचा पुरावा ठरल्या. ज्याला दंड झाला त्याच्याकडे कागद होता, ज्याला झाला नाही त्याचे हात रिकामे होते.

२००६ चा कायदा : देणे नव्हे, मान्य करणे :

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे. त्याच्या उद्देशिकेत वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे. जे मान्य करावयाचे ते आधीपासून अस्तित्वात असते. म्हणून हा कायदा हक्क निर्माण करीत नाही, तर नोंदीअभावी अदृश्य राहिलेला हक्क दृश्य करतो. बेडन-पॉवेल यांच्या सूत्राची ही उलटापालट होय.

पुराव्याच्या नियमात हा बदल अधिक स्पष्ट दिसतो. कायद्याखालील नियमांनुसार शासकीय नोंदींबरोबरच घर, बांध, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले जबाब हेही पुरावे म्हणून ग्राह्य आहेत. दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते आणि उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जाते. ग्रामसभेसमोर म्हाताऱ्याने दिलेला जबाब आणि गोतसभेसमोरील साक्ष यांतील साम्य सहज लक्षात येते. कागदाअभावी जे गेले, ते आठवणीच्या आधारे परत मागण्याची ही सोय आहे.

हा हक्क अमर्याद नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन प्रत्यक्ष ताब्यात असणे आवश्यक आहे, मर्यादा चार हेक्टरची आहे, बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. विवाहित असल्यास पती व पत्नी दोघांच्या नावे त्याची नोंद होते. वन व वन्यजीव यांचे रक्षण करण्याचे कर्तव्यही हक्कधारकांवर आहे. यावल अभयारण्यासारख्या क्षेत्रात जंगलाचे रक्षण कसे व्हावे, ही वनप्रेमींची चिंता अनाठायी नाही. परंतु जुनी वहिवाट आणि नवी तोड या भिन्न गोष्टी असून त्यांच्यात फरक करण्यासाठीच कायद्याने तारखेची रेषा आखली आहे.

अंमलबजावणीचा मार्ग मात्र खडतर राहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या नेतृत्वाखाली खानदेशातील आदिवासी ठाण्याहून मुंबईपर्यंत पायी गेले. वनहक्क दाव्यांचा निपटारा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनातून हटविण्याविषयी आदेश दिला आणि २८ फेब्रुवारी रोजी त्यास स्थगिती दिली. दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया झाली होती काय, हा प्रश्न त्या निमित्ताने ऐरणीवर आला.

मराठी व्यवहारातील अर्थछटा :

कायद्याने ‘राइट’ हा शब्द स्वीकारला तरी मराठी व्यवहारात जुनी छटा टिकून आहे. ‘वनपट्टे वाटप’ हा शब्दप्रयोग शासकीय कार्यक्रमांत व वृत्तपत्रांत सर्रास आढळतो. वाटप धान्याचे होते, साहित्याचे होते, मदतीचे होते. हक्काचे वाटप होत नाही, तो मान्य होतो. वाटप म्हटले की वाटणारा मोठा आणि घेणारा लाभार्थी ठरतो. ‘पट्टा’ या शब्दातही भाडेपट्ट्याची आठवण आहे. अशा रीतीने ‘मान्यता’ या शब्दाने मिळविलेले ‘वाटप’ या शब्दाने नकळत परत जाते.

याच्या उलट एक उदाहरण येथे देणे उचित ठरेल. विधिमंडळाच्या सदस्यांना राज्यघटनेच्या कलम १९४ नुसार जे ‘प्रिव्हिलेज’ आहेत, त्यांना मराठीत विशेषाधिकार म्हणतात आणि त्यांचा भंग झाला तर ‘हक्कभंग’ प्रस्ताव येतो. मूळ इंग्रजी शब्द ‘प्रिव्हिलेज’ असूनही मराठीने तेथे हक्क हा शब्द दिला. तोच इंग्रजी शब्द डोंगरातील भिल्लाच्या वाट्याला आला तेव्हा त्याचे मराठी रूप सवलत झाले. शब्दाचा अर्थ शब्दकोशाइतकाच तो कोणासाठी वापरला जातो यावरही अवलंबून असतो, याचे हे ठळक निदर्शक आहे.

निष्कर्ष :

१) ‘राइट’ देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो, ‘प्रिव्हिलेज’ तिच्यावरच अवलंबून असतो. हाच या दोन शब्दांतील मूलभूत भेद होय.
२) खानदेशात गिरासापासून वनवापरापर्यंत रूढ हक्कांचे रूपांतर टप्प्याटप्प्याने सवलतीत झाले. या रूपांतराचे मुख्य साधन लेखी पुराव्याची अट हे होते.
३) स्वातंत्र्यानंतर ‘अतिक्रमण’ व ‘नियमानुकूल’ या शब्दांनी तीच दृष्टी पुढे चालविली.
४) २००६ च्या कायद्याने वडीलधाऱ्यांच्या जबाबास पुराव्याचे स्थान देऊन हा क्रम उलटविला. त्याचे मूळ या प्रदेशातील महजराच्या परंपरेशी जुळते.
५) प्रशासनाच्या मराठी भाषेत ‘वनपट्टे वाटप’ऐवजी ‘वनहक्क मान्यता’ हा कायद्यातीलच शब्द रूढ होणे आवश्यक आहे.

पाचवा मुद्दा केवळ शब्दशुद्धीचा नाही. ग्रामसभेसमोर उभा राहणारा दावेदार स्वतःला लाभार्थी समजला तर दावा फेटाळला गेल्यावर तो निमूटपणे परत जाईल. स्वतःला हक्कधारक समजला तर तो कारण विचारील, लेखी निर्णय मागेल आणि मुदतीत वरच्या समितीकडे दाद मागेल. कायद्याने ही दाद मागण्याची वाट ठेवली आहे. ती चालण्याचे बळ त्याला आपल्या जमिनीला कोणता शब्द लागू होतो, या जाणिवेतूनच मिळणार आहे.